सीपॅपचा मास्क झोपेत नकळत काढला जातो. सवय कशी करावी?

कृष्णाकाठ (सातारा जिल्हा)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वय ५३. गेली तीन-चार वर्षे दुपारी खुर्चीत बसलो की डोळे मिटू लागत, रात्री दोन-तीन वेळा लघवीला उठावे लागे आणि सकाळी डोके जड असे. वाढते वय आणि रक्तदाब यांमुळे हे होत असावे असे मी धरून चाललो होतो. मार्चमध्ये दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना एका पानावर लाल पेनाची वाकडी रेघ पार तळापर्यंत ओढली गेलेली दिसली, आणि ती मी केव्हा ओढली हे काही केल्या आठवेना, तेव्हा मात्र मी घाबरलो. मी रोज २२ किलोमीटर मोटरसायकल चालवतो.

छातीच्या डॉक्टरांनी स्लीप स्टडी करून घेतली. माझा श्वास तासाला सरासरी ४१ वेळा थांबतो किंवा अपुरा पडतो आणि रक्तातील ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरतो, असे अहवालात आले. निदान तीव्र स्लीप ॲप्निया. डॉक्टरांनी ऑटो सीपॅप यंत्र लिहून दिले. ते झोपेत मास्कमधून दाबाने हवा देते आणि गरजेनुसार दाब स्वतःच कमी-जास्त करते. दाब ४ ते १२ (सेंटीमीटर पाणी या एककात). नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळाला. विक्रेत्याने मला खुर्चीत बसवले, पट्टे आवळून दाखवले आणि पाच मिनिटांत काम संपवले.

आज २३ रात्री झाल्या. साडेदहाला मास्क लावतो, पहिली काही मिनिटे हवा पुरतच नाही असे वाटते, कशीबशी झोप लागते आणि पहाटे पाचला जाग येते तेव्हा मास्क उशीखाली असतो. तो कधी काढला याची मला जराही जाणीव नसते. यंत्रातील नोंदीनुसार सरासरी वापर १ तास ५० मिनिटे आहे.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, याचा बराच विचार केला. माझे थोरले बंधू मे २०२१ मध्ये कोविडने गेले. शेवटचे नऊ दिवस ते बायपॅपवर (मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या यंत्रावर) होते आणि काचेपलीकडून मी त्यांना पाहत असे. डोक्यामागून आलेले तेच पट्टे, तोच पारदर्शक मास्क, आत धरणारी तीच वाफ. रात्री दिवा मालवून मास्क चेहऱ्यावर घेतला की दादांचा चेहरा समोर येतो आणि छातीत धडधड सुरू होते. पत्नीही माझ्याकडे पाहण्याचे टाळते. तिला काय आठवत असेल ते मला न सांगताही कळते.

उपचार सोडायचा नाही, हे मी ठरवले आहे. मात्र मास्क रात्रभर टिकावा यासाठी काय करावे, आणि रात्री वीज गेली तर मास्कच्या आत गुदमरण्याचा धोका असतो का, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

---

झोपशाळा तंत्रज्ञ (पुणे)

सर, नमस्कार. मी गेली अकरा वर्षे झोपेच्या चाचण्या करतो. मी डॉक्टर नाही. त्यामुळे यंत्राच्या दाबाविषयी जे लिहीन ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच अमलात आणावे.

आधी वीज जाण्याविषयी, कारण ही भीती मनात असेल तर शरीर सैल सुटतच नाही. आपल्या प्रकारच्या मास्कला पुढच्या बाजूस एक झडप असते. यंत्राचा झोत थांबला की ती आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. दिवसाउजेडी मास्क लावून यंत्र चालू करा, मग स्वतःच्या हाताने बटण बंद करा आणि श्वास घेत राहा. झडपेचा हलका टक् असा आवाज ऐकू येईल आणि श्वास चालू राहील. हा प्रयोग पत्नीला शेजारी बसवून करा, त्यांनाही ते पाहू द्या.

आता दादांविषयी. आपल्या मनात जे येते ते स्वाभाविक आहे, आणि २०२१ नंतर असे सांगणारे बरेच जण माझ्यासमोर बसले आहेत. परंतु दोन्ही यंत्रांचे काम किती वेगळे होते, हे समजून घेतल्यास मनाला थोडा आधार मिळेल. दादांची फुप्फुसेच आजारी होती आणि त्या यंत्रातून त्यांना ऑक्सिजन दिला जात होता. आपल्या यंत्रातून येते ती आपल्या खोलीतलीच हवा, फक्त थोड्या दाबाने. अडचण आहे ती घशात. माझे घर शेतकऱ्याचे आहे, म्हणून मी रुग्णांना विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण देतो. पाणी ओढण्याच्या बाजूला आपण कडक पाइप लावतो, कारण तिथे मऊ पाइप लावला तर ओढ बसताच तो चपटा होतो. पाणी सोडण्याच्या बाजूला मात्र गुंडाळून ठेवता येणारा मऊ पाइपही चालतो, कारण आतल्या पाण्याचा दाब त्याला फुगवून उघडा ठेवतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, घसा मऊ पाइपसारखा होतो आणि श्वास आत ओढताना चपटा होऊन मिटतो. सीपॅप त्यात सतत थोडा दाब ठेवते, म्हणून तो मिटत नाही. तासाला ४१ म्हणजे सात तासांच्या झोपेत सुमारे २८७ वेळा आपला मेंदू आपल्याला गुदमरण्यातून ओढून बाहेर काढतो. मास्कमुळे हे थांबते.

ही कल्पना ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांची. १९८० साली सिडनी येथे त्यांनी ती प्रथम रुग्णांवर वापरली आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करून देणे, एवढाच होता. मास्क जड वाटेल त्या रात्री मी रुग्णांना हे आवर्जून सांगतो.

‘सुरुवातीला हवा पुरत नाही’ हे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. ४ हा या यंत्रांतील सर्वांत कमी दाब असतो आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मोठ्या मास्कमध्ये अनेक प्रौढ व्यक्तींना तो अपुरा वाटतो. लोक समजतात की जास्त दाबाने गुदमरायला होते. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांतील गुदमरणे बहुधा कमी दाबाचे असते. सुरुवातीचा दाब ५ किंवा ६ करता येईल का, आणि श्वास सोडताना दाब किंचित उतरवणारी सोय सुरू आहे का, या दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. तीव्र ॲप्निया असताना मास्क बसवून देण्याचे काम पाच मिनिटांत उरकले गेले, याचे मला वाईट वाटते. मास्क खुर्चीत बसून कधीच बसवू नये. आडवे झाल्यावर गालांची आणि जबड्याची ठेवण बदलते, आणि खुर्चीत घट्ट बसलेला मास्क गादीवर कुशीला वळताच एका बाजूने हवा सोडू लागतो. ती हवा डोळ्यांत जाते, झोप चाळवते आणि हात आपोआप मास्ककडे जातो. नकळत मास्क काढणाऱ्यांच्या नोंदी मी पाहतो तेव्हा काढण्याच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत लीक (मास्कमधून हवेची गळती) वाढलेले बहुतेक वेळा दिसते. यंत्रातील नोंदींचे कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा आणि नेमके तेवढे पाहायला सांगा.

हवेचा दाब चालू ठेवून, आपल्या नेहमीच्या उशीवर, नेहमीच्या कुशीवर झोपून पट्टे लावा. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. मास्कची मऊ कड, म्हणजे कुशन, हवेने फुगून चेहऱ्यावर टेकते. पट्टे आवळले की ते दबते आणि उलट जास्त गळते. हवा गळू लागली तर पट्टा न आवळता मास्क चेहऱ्यापासून बोटभर उचला आणि पुन्हा अलगद टेकवा.

आपले नाक मोकळे असेल तर फक्त नाकाचा मास्क वापरून पाहता येईल का, हेही विचारा. साधारणतः सुरुवात त्यानेच करावी असे मानले जाते. तोंड उघडे टाकून झोपण्याची सवय असेल तर मात्र हवा तोंडावाटे निसटते, म्हणून हा निर्णय नाक तपासूनच व्हावा.

---

संत्रानगरी (नागपूर)

सर, मी सहा वर्षांपासून सीपॅप वापरते. पहिले दोन महिने मीही आपल्यासारखीच धडपडत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो दिवसा मास्क लावण्याचा. रात्री आपण दमलेले असतो, झोप लागेल की नाही याची काळजी असते आणि त्यात चेहऱ्यावर नवी वस्तू. मी पहिला आठवडा फक्त सकाळी, खिडकीपाशी बसून, नळी न जोडता मास्क हाताने धरून ठेवत असे. रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत, एवढेच. पट्टे लावायचे नाहीत, त्यामुळे वाटेल तेव्हा तो खाली घेता येत असे. पुढच्या आठवड्यात पट्टे लावले आणि भाजी निवडताना मास्क चेहऱ्यावर राहू दिला. मग नळी जोडून यंत्र सुरू केले, बसूनच. दुपारची डुलकी त्यानंतर. जी पायरी जड गेली तिथे दोन दिवस जास्त थांबले. आपल्या बाबतीत तर मास्क उजेडात, स्वतःच्या ओट्यावर लावणे फार महत्त्वाचे आहे असे मला वाटते, कारण दवाखान्याच्या काचेशी जोडलेली ती आठवण अंधारात अधिक जवळ येते. धडधड तरीही ओसरली नाही, तर समुपदेशकाकडे जावे. मी गेले होते आणि चार भेटींत फरक पडला.

झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा. रात्री डोक्याला तेल लावण्याची सवय असेल तर ती सकाळवर न्या. तेलाने कुशन घसरते आणि पट्ट्यांनाही वास येऊ लागतो. कुशन रोज सकाळी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवते, नळी आणि हवा दमट करणारी पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा. टाकीत औषधांच्या दुकानातील डिस्टिल्ड वॉटर घालते. आमच्या बोअरचे पाणी उकळून वापरून पाहिले होते, पण उकळल्याने सगळे क्षार जात नाहीत, आणि पंधरा दिवसांत टाकीच्या तळाशी पांढरा थर जमला.

थंडीत एक गोष्ट हमखास होईल. मध्यरात्री नळीत गुडगुड आवाज येईल आणि नाकावर थंड थेंब पडेल. नळीतली उबदार, दमट हवा खोलीतल्या गारठ्याने निवते आणि तिचे पाणी होते. मी जुन्या सुती साडीची लांब खोळ शिवून नळीवर चढवली आहे आणि यंत्र पलंगापेक्षा खाली, पाटावर ठेवते, म्हणजे साचलेले पाणी चेहऱ्याकडे न येता परत टाकीकडे उतरते.

माझी एक चूक आपल्याकडून होऊ नये म्हणून सांगते. ‘चार तास पुरेत’ असे कोणीतरी सांगितले म्हणून मी रात्री दोन वाजता मास्क काढून ठेवत असे. नंतर डॉक्टरांनी समजावले, की स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या झोपेत स्नायू सर्वाधिक सैल असतात आणि अनेकांचा श्वास तेव्हाच सर्वांत जास्त वेळा थांबतो. जाग आल्यावर मास्क उशीखाली सापडला, तर घड्याळात तीन वाजले असोत वा साडेचार, तो पुन्हा लावा.

---

किनारा (रत्नागिरी)

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. माझ्या यजमानांना हेच यंत्र आहे. नाकाविषयी थोडे लिहिते, कारण आमचे सारे घोडे तिथेच अडले होते. त्यांचे नाक रात्री चोंदत असे आणि ते औषधाच्या दुकानातून नाक मोकळे करणारे थेंब आणून महिनाभर घालत राहिले. असे थेंब थोड्या दिवसांपुरतेच असतात. लांबले की नाक उलट अधिक चोंदते, आणि तसेच झाले. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ते बंद करून वेगळा फवारा दिला. त्यासोबत ते संध्याकाळी जलनेती करतात, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने. पाणी उकळलेलेच असावे, याकडे मी स्वतः लक्ष देते.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते ती तासन्तास. आम्ही साइन वेव्ह इन्व्हर्टर बसवला आहे आणि वीज गेली की टाकीचा हीटर बंद करतो, कारण बॅटरी खरी खातो तो हीटरच. नुसत्या हवेला फारशी वीज लागत नाही.

वहिनींसाठी एक सांगते. यजमानांचे घोरणे थांबले की मी वर्षानुवर्षे दचकून उठत असे, कारण त्या शांततेचा अर्थ श्वास अडकला असा होता. मग मोठा हुंदका येऊन श्वास सुरू होईपर्यंत मी मोजत बसे. मास्क आल्यावर खोली रात्रभर शांत झाली आणि मला झोपच येईना. पहिले काही दिवस मी हात त्यांच्या पोटावर ठेवून झोपले. हाताला श्वास लागत होता. वहिनींनाही तसे करून पाहायला सांगा.

---

कृष्णाकाठ (सातारा जिल्हा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी लिहितो आहे.

तंत्रज्ञ महोदय, वीज बंद करण्याचा प्रयोग त्याच रविवारी केला. पत्नी शेजारी बसली होती. बटण बंद केल्यावर झडपेचा आवाज तिनेच आधी ऐकला, आणि मी तसाच श्वास घेतो आहे हे पाहून तिने पहिल्यांदा मास्कला हात लावला. मागचा पट्टा पिळला गेला आहे, हे तिच्याच लक्षात आले. आता रात्री तो तीच सरळ करून देते.

डॉक्टरांना कार्ड दाखवले. आपण म्हणालात तसेच निघाले: रोज साधारण साडेबाराच्या सुमारास लीक एकदम वाढत असे, आणि पुढच्या काही मिनिटांत वापर थांबलेला. त्यांनी सुरुवातीचा दाब ६ केला, नाक तपासले आणि नाकाचा लहान मास्क दोन रात्रींसाठी चाचणीला देववला. त्या दोन्ही रात्री तो चेहऱ्यावर टिकला. या मास्कमध्ये तोंड उघडले की हवा जोराने बाहेर येते आणि बोलता येत नाही, हे सुरुवातीला विचित्र वाटले. परंतु तोंड मोकळे आहे, आणि आरशात पाहिले तर दादांच्या मास्कसारखे काही दिसत नाही, याचा फार मोठा आधार झाला.

ताई, आपले ऐकून बारा दिवस सकाळी पडवीत बसलो. पाचव्या दिवशी रडू आले. दादा गेले तेव्हा रडायला सवडच मिळाली नव्हती. घरात आणखी तिघे आजारी होते. त्या सकाळी मास्क मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिलो. त्यानंतर धडधड पूर्ण गेली असे नाही, मात्र ती आली तरी मास्क काढावासा वाटत नाही.

गेल्या दोन आठवड्यांची सरासरी ५ तास ४० मिनिटे आहे आणि यंत्राच्या नोंदीत श्वास थांबण्याचे प्रमाण तासाला ३ च्या आसपास. लघवीला एकदाच उठतो, कधी तेही नाही. घशाची वाट मिटलेली असताना छातीत जी ओढ निर्माण होते, तिने हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि शरीर जास्त लघवी तयार करते, असे डॉक्टरांनी समजावले. मूत्रपिंडाची तपासणी मी विनाकारण दोनदा केली होती. मोटरसायकल त्यांनी अद्याप महिनाभर चालवू नका असे सांगितले आहे, म्हणून एसटीने जातो. सकाळी पोट थोडे फुगलेले वाटते. याला काही उपाय आहे का?

शेवटचा प्रश्न आषाढीचा. दरवर्षी दशमी आणि एकादशीच्या रात्री मी पंढरपुरात आमच्या फडाच्या मठात मुक्कामी असतो. तिथे एका खोलीत वीस माणसे झोपतात आणि विजेचा भरवसा नसतो. यंत्र न्यावे की दोन रात्री तसेच झोपावे?

---

झोपशाळा तंत्रज्ञ (पुणे)

सर, वाचून फार समाधान वाटले. मोटरसायकलविषयी डॉक्टरांचे ऐकता आहात, हे विशेष चांगले.

पोट फुगते ते हवा गिळली गेल्याने. उशाकडची बाजू थोडी उंच करा, कुशीवर झोपा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सांगा. कधी वरचा दाब किंचित कमी केल्याने प्रश्न सुटतो. स्वतः दाब बदलू नका.

यंत्र पंढरपूरला अवश्य न्या. मास्क न लावता झोपलो की त्याच रात्री घसा पूर्वीसारखा मिटू लागतो, आणि आपले ऑक्सिजन ७४ पर्यंत उतरत होते. त्यातून दिवसभराची चाल आणि एकादशीचा उपवास. आपल्या यंत्राला चालणारी बॅटरी आणि तिची जोडवायर यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात पाहूनच घ्या, आणि निघण्याआधी घरी एक पूर्ण रात्र मुख्य वीज बंद ठेवून, हीटर न लावता, ती सकाळपर्यंत पुरते का ते पाहा. एकच रात्र पुरत असेल तर दुसऱ्या दिवशी ती कुठे चार्ज करता येईल, हे मठात आधीच विचारून ठेवा. जागा भिंतीकडेची मागून घ्या, म्हणजे नळीवर कोणाचा पाय पडणार नाही, आणि यंत्राची हवा आत घेणारी बाजू चादरीने झाकली जाणार नाही असे ठेवा. धूळ असेल, तेव्हा नवा फिल्टर बसवून न्या व परत आल्यावर बदला. पाण्याची टाकी घरीच रिकामी करून, पुसून कोरडी करा. टाकीत पाणी असताना यंत्र पिशवीत कलले तर ते पाणी मोटारीत शिरते. दोन रात्री कोरड्या हवेने घसा थोडा सुकेल, तेव्हा उशाशी पाण्याची बाटली ठेवा.